एकोणीस दिवसांचं पाणी

विद्यापीठाच्या गणित विभागात दर बुधवारी दुपारी तीन वाजता व्याख्यान असे, आणि व्याख्यान म्हटलं की ठकीच्या डोक्याला ताप. ठकी हे तिचं घरातलं नाव. विभागात तिला सगळे मॅडम म्हणत, आणि थोडे घाबरूनही असत, कारण कार्यालयाच्या सगळ्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. पाहुण्यांची राहायची सोय, प्रोजेक्टरची वायर, चहाचे कप, फलकावर लावायचा कागद, सगळं तिच्याच गळ्यात. आत काय बोलतात याच्याशी मात्र तिला काही देणंघेणं नव्हतं.

"ही माणसं कशाचंही समीकरण करतात," ती संध्याकाळी घरी आली की मावशीला सांगायची. "गर्दीचं, वाऱ्याचं, तापाच्या साथीचं. गेल्या बुधवारी एक गृहस्थ तासभर मुंग्यांवर बोलले. एक मुंगी दाखवली असेल तर शपथ!"

मावशी हसायची. ठकीला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. आता ठकी चाळिशीची आणि मावशी एकोणसत्तर वर्षांची; तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघींचं छान चाललं होतं.

एकदा मात्र फलकाचा कागद टाइप करता करता ठकीचा हात थांबला. शीर्षक नेहमीसारखंच लांबलचक होतं, पण त्यात त्यांच्या नदीचं नाव होतं. जुन्या पुलापाशी मोजलेल्या पाण्याच्या पातळीच्या एकतीस वर्षांच्या नोंदी, असं काहीतरी. पुढचं ठकीने वाचलंच नाही. तिने सरळ घरी फोन लावला.

"मावशी, बुधवारी तू माझ्याबरोबर विद्यापीठात येतेयस."

"मी? मी काय करू तिथे? मला ओ की ठो कळायचं नाही."

"तुला कळायला कशाला हवं? ते तुझ्यावरच आहे."

आणि ते खरंच होतं. जुन्या पुलापाशी ती नदी एकतीस वर्षं मोजली होती ती मावशीने. एकोणतिसाव्या वर्षी तिला ही नोकरी लागली, तेव्हा बाईमाणसाला हे काम झेपेल का, यावर पाणी खात्यात बरीच चर्चा झाली म्हणे. पुलाच्या टोकाशी दोन खोल्यांचं घर मिळालं. घरामागून बावीस पायऱ्या उतरल्या की पाण्यात उभी केलेली काळ्यापांढऱ्या रेघांची उंच मोजपट्टी. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. पायऱ्या उतरायच्या, आकडा बघायचा, वर येऊन नोंदवहीत लिहायचा. दर शनिवारी त्याची नक्कल मुख्य कार्यालयात पाठवायची. साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली, त्याच महिन्यात पुलाला एक राखाडी डबी बसवली, आणि तेव्हापासून ती डबीच पाणी मोजते. मावशी नंतर तिकडे फिरकली नाही. डबीवर तिचा राग नव्हता. पण परक्या बाईने आपल्या स्वयंपाकघरात भांडी लावावीत, तसं काहीसं तिला वाटायचं.

बुधवारी ती इस्त्रीची साडी नेसून गेली. ठकीने तिला तिसऱ्या ओळीत मधोमध बसवलं. दोन्हीकडून विद्यार्थी येऊन बसले, वह्या उघडल्या. पहिल्या ओळीत विभागप्रमुख. हे गृहस्थ व्याख्यान सुरू होताच डोळे मिटत आणि शेवटी बरोबर आडवा प्रश्न विचारत, त्यामुळे ते झोपतात की नाही यावर विभागात पैजा लागायच्या. कुणीतरी पडदे ओढले. दुपारचं ऊन पडद्यांतून गाळून आल्यासारखं हिरवट झालं आणि सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसू लागली.

बोलायला आलेली पाहुणी जेमतेम तिशीची होती. दुसऱ्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. घसा बसला होता म्हणून थर्मासमधून गरम पाणी पीत होती, आणि केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचून ती सगळीकडे शोधत होती. पेन्सिल सापडल्यावर तिने पहिली स्लाइड लावली.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक निळी रेघ. वर जाणारी, खाली येणारी, कुठे दातरी, कुठे संथ.

"एकतीस वर्षं," पाहुणी म्हणाली. "दिवसातून तीनदा. चौतीस हजारांच्या आसपास आकडे."

मावशी पुढे झुकली. आपण जगलेले दिवस असे एकाशेजारी एक मांडलेले तिने कधी पाहिले नव्हते. नोंदवहीत एका पानावर एक आठवडा मावायचा. पान उलटलं की तो आठवडा गेला. इथे सगळेच एकदम समोर उभे होते. तो उंच सुळका, तेव्हा पाणी खालून अठराव्या पायरीपर्यंत चढलं होतं आणि ती कंदील घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली होती. त्याच्या पुढची सखल जागा, त्या वर्षी मोजपट्टीचा तळ उघडा पडला होता आणि चिखलात कुणाचा तरी चष्मा सापडला होता. मधली ती बारीक दातरी कड, त्या वर्षी ठकीला गोवर आला होता आणि मावशी आकडा बघून धावत वर यायची. पाहुणी बोलत होती, स्लाइडवर चिन्हं उमटत होती, मावशीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती रेघेच्या काठाकाठाने चालत होती. पायांना पायऱ्यांचा गारवा लागत होता. नाकात शेवाळाचा वास येत होता. आपण एवढं चाललो, तिला वाटलं, आणि गावाबाहेर कुठे गेलोच नाही.

"आता मुद्द्याचं," पाहुणीचा आवाज थोडा चढला. "माणसाने लिहिलेले आकडे आले की त्यात खोटे आकडेही आले. कंटाळा, आजारपण, थंडी. माणूस घरीच बसतो आणि अंदाजाने भरून टाकतो. असे आकडे पकडायचे कसे, हे मी आज सांगणार आहे."

मावशी खाडकन भानावर आली.

कारण चार दिवस होते. एकतीस वर्षांतले चारच. नोकरीचं सातवं वर्ष होतं. धाकटी बहीण गेल्याचा निरोप आला तो संध्याकाळचे सहा वाजून गेल्यावर. बहिणीच्या नवऱ्याचा आधीपासूनच पत्ता नव्हता, आणि सात वर्षांची पोर शेजाऱ्यांकडे बसून होती. रजेचा अर्ज करायचा तर मंजूर व्हायला आठवडा. मावशीने घराला कुलूप घातलं आणि मिळाली ती गाडी पकडली. पाचव्या दिवशी सकाळी ती पोरीला घेऊन परतली. पाणी होतं तिथेच होतं. मग तिने मधल्या बारा चौकटी भरून टाकल्या. इथे एक बोट वर, तिथे दोन बोटं खाली. कुणी विचारलं नाही, तिनेही कुणाला सांगितलं नाही. ठकीलासुद्धा नाही.

आता उठून जावं, असं तिला वाटलं. पण दोन्हीकडे विद्यार्थ्यांचे गुडघे होते, आणि दारात ठकी उभी होती, भलतीच अभिमानाने बघत.

"खरे आकडे कधी गप्प बसत नाहीत," पाहुणी सांगत होती. "ही नदी सकाळी किंचित खाली असते, संध्याकाळी किंचित वर. सतत थरथरते. ही थरथर मी मॉडेलला शिकवली. जिथे थरथर नाही, तिथे मॉडेल लाल खूण करतं."

तिने बटण दाबलं. मावशीने डोळे मिटले, मग एकच उघडला. सातवं वर्ष निळंच होतं. पुन्हा पाहिलं. निळं. त्या चार दिवसांवर लाल रंगाचा ठिपकाही नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

आणि लगेच तिचं लक्ष उजवीकडे गेलं. चौदाव्या वर्षी, उन्हाळ्यात, लालभडक पट्टा होता.

"हे बघा. एकोणीस दिवस," पाहुणीने तो भाग मोठा केला. रेघ वरून खाली अशी उतरत होती की जणू कुणी गुळगुळीत कठड्यावरून हात फिरवत आणला असावा. "रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी कमी घट. एकही चूक नाही, एकही खळखळ नाही. इतकं सुबक निसर्गात काही नसतं. बहुतेक आमच्या मोजणीदाराने तीन आठवडे घरी बसून पेन्सिलने ही रेघ काढली." हॉलमध्ये हशा पिकला. "हे सत्तावन्न आकडे मी सरळ गाळून टाकले."

गाळून टाकले! मावशीच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं. ते एकोणीस दिवस तिला लख्ख आठवत होते. आयुष्यात इतकं शांत पाणी तिने त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून ती एकेक आकडा तीनतीनदा बघायची. त्या दिवसांत ती पायरीवर उगाच बसून राहायची, पाय पाण्यात सोडून. पाणी जायचं, पण जाताना दिसायचं नाही. संध्याकाळी पाहिलं की पायावरची ओली रेघ करंगळीच्या पेरभर खाली गेलेली असायची, बस.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका विद्यार्थ्याने काहीतरी विचारलं, विभागप्रमुखांनी डोळे उघडून आणखी काही विचारलं. गप्प बसावं हे शहाणपणाचं, हे मावशीला कळत होतं. ज्याच्या घरात चार दिवसांचा ऐवज लपवलेला आहे त्याने कशाला बोलावं? पण तिचा हात वर गेला होता.

"त्या एकोणीस दिवसांचे आकडे खरे आहेत," ती म्हणाली.

पाहुणी हसली, आदरानेच. "असं तुम्हाला का वाटतं?"

"वाटत नाही. मीच लिहिलेत ते."

पाहुणीने कोपऱ्यात ठेवलेला थर्मास उचलला आणि न पिताच परत ठेवला.

"तुम्ही म्हणता ती थरथर नदीची नाही," मावशी म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "वरच्या अंगाला कागदाची गिरणी होती. सकाळी पाणी ओढायची, दुपारनंतर सोडायची. ती थरथर गिरणीची. त्या वर्षी गिरणीत संप झाला, एकोणीस दिवस फाटक बंद. पाऊस नाही, गिरणी नाही. नदी एकटीच होती. मी लिहिलंय तसं."

"कुठे लिहिलंय?"

"नोंदवहीत. शेऱ्याच्या रकान्यात."

पाहुणीचा चेहरा उतरला. "मला फाइल मिळाली तिच्यात शेऱ्याचा रकानाच नाहीये. फक्त तारीख, वेळ आणि आकडा."

"मग तुम्हाला अर्धीच वही मिळाली," मावशी म्हणाली, आणि या वेळी हशा पिकला तो मावशीच्या बाजूने.

चहाच्या वेळी लोकांनी तिला गराडा घातला. विभागप्रमुखांनी स्वतः बिस्किटांची बशी पुढे केली. ठकी तर नुसती मिरवत होती. मावशीने मात्र बिस्किटाला हात लावला नाही. प्रत्येक जण "तुमच्या नोंदी" म्हणायचा आणि तिला त्या बारा चौकटी आठवायच्या.

दुसऱ्या दिवशी ठकी रजेवर होती; दुपारी दारावरची घंटा वाजली. पाहुणी होती. साडीला, केसांना धूळ. सकाळपासून पाणी खात्याच्या तळघरात बसली होती. जिने चढून तिला धाप लागली होती, पण तेवढंही न थांबता तिने पिशवीतून छायाप्रती काढून जेवणाच्या टेबलावर पसरल्या. मावशीचं वळणदार अक्षर. एकोणीस ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात: गिरणी बंद. एका ठिकाणी नुसतंच: पाणी फार शांत.

"मावशी," पाहुणी म्हणाली, ठकीचं ऐकून तीही मावशीच म्हणू लागली होती, "तुम्हाला कल्पना नाही हे काय आहे. कुणी हात लावला नाही तर ही नदी कशी ओसरते, हे मला तीन वर्षं कळत नव्हतं. चौतीस हजार आकड्यांतून मी ते पिळून काढायला बघत होते. ते या सत्तावन्न आकड्यांत आयतं पडलेलं होतं, आणि मीच ते फेकून दिलं!" ती खुर्चीत बसली आणि खुदकन हसली. "आता लेख पुन्हा लिहिणार. आणि त्यात पहिल्या पानावर तुमचे आभार. लिहिणार की या मोजणीदाराचा एकेक आकडा डोळे मिटून खरा मानावा."

मावशी उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर कुणीतरी शिडी लावून दिव्याचा खांब रंगवत होतं.

"तसं लिहू नका," ती शेवटी म्हणाली.

"का?"

"चार दिवस खोटे आहेत. सातव्या वर्षातले. तुमच्या यंत्राला सापडले नाहीत."

ठकी गॅसजवळ उभी होती. तिचा हात पातेल्यावरच राहिला. मावशीने मागे न वळता सगळं सांगितलं: निरोप, कुलूप, गाडी, बारा चौकटी. सांगताना तिने तारखा सांगितल्या, आणि तारखा ऐकून ठकी हळूच येऊन खुर्चीवर बसली.

"मला आणायला आली होतीस तेव्हा," ठकी म्हणाली.

"हं."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? तुझ्यामुळे खोटं लिहिलं म्हणू? तुला वाटलं असतं तुझाच दोष."

पाहुणीने खुर्ची पुढे ओढली. तिने लॅपटॉप उघडला आणि कितीतरी वेळ बोटं चालवली. मग म्हणाली, "खालच्या पुलावरही कुणीतरी मोजत होतं. त्या आकड्यांवरून तुमच्या इथलं पाणी काढता येतं. बघू या?"

"बघा."

"पहिला दिवस, तुम्ही लिहिलंय त्यात आणि यात एका बोटाचा फरक. दुसरा दिवस, तेवढाच." तिने मान वर केली. "तुमच्या हाताला नदी पाठ होती, म्हणून मॉडेल फसलं. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी चांगलं हातभर चढलं होतं. रात्रीतून उतरलं. तुम्ही लिहिलंय, काही बदल नाही."

"हातभर?" मावशी वळली. तेहेतीस वर्षांनी तिला ही बातमी कळत होती. आपण नसताना नदी येऊन गेली, दारावर थाप मारून कुणी परत जावं तशी, मुकाट्याने. "तिसऱ्या संध्याकाळी मी कुठे होते?"

"स्टेशनवर," ठकी म्हणाली. "गाडी चुकली होती. आपण बाकावर बसलो होतो. तू माझे केस विंचरत होतीस. गुंता फार झाला होता आणि तू एकही केस न ओढता सोडवत होतीस. मला वाटत होतं ही गाडी येऊच नये." ती हसायला बघत होती. "हातभर तर हातभर. चढू दे की!"

मावशीने जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाहुणीने स्क्रीनवरून नजर काढली नाही. मग अगदी हलक्या हाताने तिने बारा आकडे खोडले. निळ्या रेघेत एक बारीकशी फट पडली.

"रिकामं ठेवते," ती म्हणाली. "रिकाम्या जागेचं काय करायचं ते आम्हाला येतं. आणि आभार मात्र मी लिहिणारच. शब्द बदलून."

"खरं ते लिहा," मावशी म्हणाली. "सोळाशे आठवड्यांत चार दिवस गैरहजर. कारण घरगुती."

चहा झाला. पाहुणीची गाडी सहानंतर होती. बोलता बोलता तिने कबूल केलं की तीन वर्षं या नदीवर काम करूनही तिने नदी पाहिलेली नव्हती. ठकीने कपाळाला हात लावला. "मुंग्यांचीच गत!" ती म्हणाली, आणि किल्ल्या घेऊन सरळ उठली.

जुना पूल तसाच होता. मावशीचं घर कुलूपबंद होतं, मागच्या पायऱ्यांवर गवत आलं होतं. मावशी कठड्याला धरून सावकाश उतरली, मागून पाहुणी, चपला हातात घेऊन. संध्याकाळच्या उजेडात पाणी तांबूस दिसत होतं, आणि त्यात ती मोजपट्टी, रंग उडालेली, पण ताठ उभी.

"वाचा," मावशी म्हणाली.

पाहुणी वाकली. लाट आली, रेघ बुडाली. लाट गेली, रेघ वर आली. तिने डोळे बारीक केले. "एकशे... चाळीस? नाही, पंचेचाळीस. हे हलतंय!"

"हलणारच. घाई करू नका. एक लाट चढू द्या, एक उतरू द्या. दोन्ही बघा आणि मधला आकडा धरा."

पाहुणीने श्वास सोडला आणि थांबली. एक लाट चढली, एक उतरली. वर कठड्याशी ठकी वाकून बघत होती.

"एकशे बेचाळीस."

मावशीने वाकून पाहिलं. तिचे ओठ हलले.

"एकशे एकेचाळीस," ती म्हणाली. "पुन्हा बघा."